किनाऱ्याची प्रत

मुलुंडची प्रत जुळत नाही हे कुंदा मयेकरच्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. टेलिफोनच्या लाइनवर कुठंतरी खरखर झाली असेल, जाता जाता एखादा आकडा दुसराच होऊन बसला असेल. असं व्हायचंच. पुन्हा पाठवलं की काम भागायचं.

सत्त्याऐंशी साल होतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर कुंदा नोकरी करायची ती कंपनी होती आणि कंपनीचं काम होतं कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवण्याचं. सर्व्हेवाल्यांनी आणलेले मोठाले कागद टेबलावर पसरायचे, काचेचा एक ठोकळा नकाशातल्या रेघेवरून सावकाश फिरवायचा आणि रेघ वळेल तिथं बटण दाबायचं. प्रत्येक वळणाचा एक बिंदू, प्रत्येक बिंदूचे दोन आकडे. अशा रीतीने मुलुंडच्या आसपासचे डोंगर, रस्ते, घरं, खाडी, मिठागरं हे सगळं गेल्या वर्षभरात आकडे होऊन कपाटाएवढ्या यंत्राच्या पोटात जाऊन बसलं होतं. मधे खालच्या मजल्यावर आग लागली. बंबवाल्यांनी मारलेल्या पाण्याने कंपनीच्या निम्म्या टेप भिजल्या आणि मग सगळ्याची दुसरी प्रत दुसरीकडे कुठंतरी हवी, हे मालकांना पटलं. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या कडेला कंपनीचं एक गोदाम होतं. त्याच्यावरच्या दोन खोल्यांत दुसरा कॉम्प्युटर बसवला गेला, दोन्हींच्या मधे भाड्याची टेलिफोन लाइन आली, आणि ही प्रत सांभाळण्याची जबाबदारी कुंदावर पडली.

व्यवस्था सोपी होती. ठरावीक वेळाने दोन्ही यंत्रं आपापल्या फाइलींमधल्या आकड्यांची बेरीज करत आणि ती एकमेकांना सांगत. बेरीज जुळली तर प्रत बरोबर. नाही जुळली तर अंधेरीची फाइल खरी धरायची आणि ती मुलुंडच्या फाइलीवर पुन्हा चढवायची. हे सगळं प्रोग्रॅम आपणहून करायचा, आणि तो प्रोग्रॅम कुंदाने लिहिला होता. हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यापुढे बसून एकेक फाइल जुळत गेल्याचं पाहताना तिला घरच्या देवांची पूजा आटोपल्यावर वाटावं तसं काहीसं निवांत वाटायचं.

जुळायची नाही ती एकच फाइल. ‘किनारा’. ठाण्याच्या खाडीचा मुलुंडकडचा काठ.

दिवाळी तोंडावर आली तरी ते थांबेना. पाठवली की जुळायची, आणि पुढच्या वेळी पाहावं तर पुन्हा फरक. टेलिफोन खात्याची माणसं येऊन लाइन तपासून गेली, मॉडेम बदलून झाला, मुलुंडची डिस्कसुद्धा बदलून झाली. बाकीच्या फाइली तशाच्या तशा राहत होत्या.

“नंदू, किनारा परत बिघडलाय,” ती फोनवर सांगायची.

“आत्ता तर जुळला होता ना?” पलीकडून नंदकुमार सोनावणे म्हणायचा. मुलुंडचं सगळं तो एकटाच पाहत असे.

“जुळला होता. आता नाहीये.”

“आयला, इथे कोणी हात पण लावला नाही यार. मी चहा पीत बसलोय.”

कुंदाला ते खरं वाटायचं. दळवीसाहेबांना वाटत नव्हतं. चंद्रप्रकाश दळवी म्हणजे अंधेरीच्या ऑफिसचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण न समजणारी गोष्ट समोर आली की तिच्यामागे कोण माणूस आहे ते शोधायची त्यांना सवय होती.

“मिस मयेकर, तिकडे तो सोनावणे एकटाच असतो ना दिवसभर?”

“हो सर. पण त्याचा काय फायदा यात?”

“फायदा-बियदा मला माहीत नाही. फाइलीला आपोआप पाय फुटत नाहीत. ज्यांनी आपल्याला हे काम दिलंय त्यांचे साहेब पुढच्या पौर्णिमेच्या आसपास दोन्ही प्रती बघायला येतायत. जुळल्या नाहीत तर कुणाला तरी घरी बसावं लागेल, आणि तुम्ही काही बसणार नाही.”

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावरही ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. मुलुंडलाच एका जुन्या चाळीत ती वडिलांबरोबर राहायची. धाकू मयेकर मालवणाकडचे. गिरणीत उभं आयुष्य काढलं, संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून ते रोज दुपारी गळ आणि टोपली घेऊन मिठागरांच्या बांधावर जाऊन बसत. मासे फारसे मिळत नसत. पण पाण्याकाठी बसलं की हा माणूस पुन्हा पूर्वीसारखा दिसायला लागतो हे कुंदाने पाहिलं होतं, म्हणून ती काही बोलत नसे.

“पाणी हल्ली बरां नाय गो,” जेवताना ते म्हणाले.

“का, काय झालं?”

“चढत असता, चढत असता, आणि मधीच एकदम खाली जाता. कोणी ओढून घेतल्यासारखा. मगे परत चढता. माझ्या जन्मात मी असा पाणी बघूक नाय.”

“वरून कुणी सांडपाणी सोडत असतील,” कुंदा म्हणाली आणि भाताचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती अंधेरीला न जाता थेट गोदामावर गेली. नंदकुमारने मुद्दाम तिच्या देखत टेलिफोनची वायर भिंतीतून काढून टेबलावर ठेवली. मग दोघं काहीही न करता यंत्रापुढे बसले. थोड्या वेळाने कुंदाने बेरीज मागितली. नंतर पुन्हा मागितली. दर वेळी वेगळी आली. फाइलीला शेवटचा हात कधी लागला ती तारीख जुनीच होती, बिंदूंची संख्याही तेवढीच. फक्त बिंदू जागेवर नव्हते.

“काढून बघूया,” ती म्हणाली.

मुलुंडला एक लहानसा प्लॉटर होता, पेनाने कागदावर नकाशा काढणारं यंत्र. त्यावर त्यांनी किनारा काढला. डबे उघडून जेवले आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा काढला. मग कुंदाने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला टेकवले. मागून ऊन आलं आणि दोन रेघा एकदम दिसल्या. दगडी बांध होते तिथं त्या एकमेकींवर होत्या. तिवरांच्या चिखलात त्या बोटभर अंतराने वेगळ्या झाल्या होत्या, आणि लहान लहान ओहोळांच्या तोंडाशी तर दुसरी रेघ पार आतपर्यंत शिरली होती.

“ही रेघ चालतेय,” नंदकुमार हळूच म्हणाला.

लहानपणी मे महिन्यात गावी गेली की कुंदा समुद्राच्या पुळणीवर काठीने रेघ मारून बसायची आणि पाणी तिथवर कधी येतं ते बघत राहायची. तिने कागद गुंडाळला, चपला घातल्या आणि ती जिना उतरली. नंदकुमार मागोमाग आला. मिठागरांच्या मधल्या वाटेने दोघं एका फाटकापर्यंत गेले, जिथून खाडीचं पाणी आत घेतात. कुंदाने नकाशा उलगडला. रेघ फाटकाच्या अलीकडच्या एका वळणाला वळसा घालून थांबली होती. समोर पाणीही तिथंच होतं. त्याच वळणाला वळसा घालून, तसंच, चिखलावर पातळ ओठ टेकवून थांबलेलं. दोघं तिथं उभे असताना पाणी थोडं पुढं सरकलं, आणि कागदावरची शाईची रेघ मागे राहिली.

“भरती,” कुंदा म्हणाली. आपण कुजबुजतो आहोत हे तिला बोलल्यावर जाणवलं.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगणार काय आणि कुणाला? पण त्यानंतरचे कितीतरी दिवस कुंदा वेगळ्याच धुंदीत होती. अंधेरीच्या त्या थंडगार खोलीत पडद्यासमोर बसल्यावर तिला आतून काहीतरी भरून येई. पलीकडे, मुलुंडच्या एका लोखंडी कपाटात, एका गोल तबकडीवर, एक अख्खी खाडी श्वास घेत होती. कुणी न शिकवता ती चढत होती, उतरत होती. अमावास्येला तिच्या चढ-उतारातलं अंतर वाढायचं, अष्टमीच्या भांगाला, लहान भरतीच्या दिवशी, कमी व्हायचं. या यंत्राला पाणी कुठून कळलं असेल? की एखादी गोष्ट नीट, खरीखुरी उतरवून घेतली, एकही वळण न चुकवता, की तिच्यातलं काहीतरी आकड्यांबरोबर आपोआप येतं? टेबलावर वाकून ठोकळा फिरवणाऱ्या मुलींकडे ती नव्या नजरेनं पाहू लागली. त्यांना कल्पनाच नव्हती त्यांच्या हाताखालून काय जात होतं त्याची.

दळवीसाहेबांना मात्र पौर्णिमा दिसत होती. शेवटी तोडगा त्यांनीच काढला.

“डिस्कच्या पुढे ते लाल बटण असतं ना, लिहायला बंदी करणारं? इथून फाइल पाठवा, जुळली की ते बटण दाबून टाका. मग कोण कशाला हात लावतो बघू. साहेब येऊन बघून जातील, विषय संपला.”

यात चूक काहीच नव्हती. कुंदाला बरं वाटलं नाही, एवढंच. मुलुंडला नंदकुमारनेही “नको ना करूस” म्हणून पाहिलं, पण त्याच्या नोकरीचाच प्रश्न होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पाहुणे साहेब पौर्णिमेला सकाळीच गोदामावर आले. अंधेरीहून किनारा आला, जुना, वर्षापूर्वी सर्व्हेवाल्यांनी मोजला तसा. मोजणीच्या त्या दिवशी पाणी अर्ध्यावर असावं. बेरीज जुळली. कुंदाने बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. पुन्हा बेरीज घेतली, जुळली. पुन्हा घेतली, जुळली. पाहुण्यांनी मान डोलावली. दळवीसाहेब खुशीत आले आणि त्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसले. त्यांनी नंदकुमारच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

कुंदा गच्चीवर गेली ती नुसती मोकळ्या हवेसाठी. वर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आवाज नाहीत. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, खाली कुणीतरी पिंप गडगडत नेत होतं, पण मिठागरांच्या बाजूने जे एकसारखं, एरवी लक्षातही न येणारं चालू असतं, चिखलाची टिचटिच, बगळ्यांचं भांडण, ते बंद होतं. मग तिने खाडीकडे पाहिलं आणि ती जिन्यावरून धावत सुटली.

बांधावर बाबा नेहमीच्या जागी बसले होते. टोपली बाजूला, गळ पाण्यात. ते पाण्याकडे पाहत नव्हते, पाण्याच्या वर पाहत होते.

पौर्णिमेचं उधाण होतं. या वेळेला पाणी बांधाच्या माथ्याला लागलेलं असायला हवं होतं. ते खाली, अर्ध्यावरच, चिखलाच्या कडेशी उभं होतं. कड अगदी स्वच्छ होती, सुरीने कापावी तशी, आणि तिच्यावर एक बुडबुडाही हलत नव्हता. भरती मात्र थांबली नव्हती. समुद्र आपलं पाणी आत लोटतच होता आणि त्या पाण्याला काठ ओलांडायची मुभा नव्हती. म्हणून ते मधे उंच होत गेलं होतं. काठोकाठ भरलेल्या वाटीत दूध कडेच्या वर येऊन गोल राहतं, तशी सगळी खाडी मधे फुगून राहिली होती, गुळगुळीत, करडी, उन्हात चकाकणारी. तिच्या ऐन माथ्यावर एक होडी होती. होडीतला माणूस वल्हं हातात धरून उभा होता, आणि बांधावर उभ्या असलेल्या कुंदाला त्याच्याकडे मान वर करून पाहावं लागत होतं.

भीती नंतर आली. आधी हात जोडावेसे वाटले.

“माका वाटला, माझ्याच डोळ्यांचो दोष,” बाबा न वळता म्हणाले. “तुका दिसता मां?”

“दिसतंय.”

“मगे बरां.”

आणि त्या क्षणी तिला सगळे दिवस एकदम आठवले. अंधेरीहून दुपारी पाठवलेला किनारा, संध्याकाळी पाठवलेला किनारा, पुन्हा पाठवलेला किनारा, आणि जेवताना बाबांनी केलेली तक्रार. चढता चढता मधीच खाली जाता. कोणी ओढून घेतल्यासारखा. यंत्र पाण्याचं ऐकत होतं असं ती समजून चालली होती. पाणीही यंत्राचं ऐकत होतं.

“बाबा, उठा. वरच्या रस्त्यावर चला.”

“थांब गो जरा. असा परत बघूक मिळाचा नाय.”

“बाबा, तुमच्या पाया पडते. उठा.”

तिने त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गळ तिथंच टाकून ते उठले. मिठागराचे कामगार पलीकडच्या छपरीत जेवायला गेले होते, बांधावर दुसरं कुणी नव्हतं. बाबांना रस्त्यावर उभं करून कुंदा गोदामाकडे धावली.

बाहेरच्या खोलीत पाहुणे पुरी मोडत होते. ती त्यांच्यासमोरून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. नंदकुमार खिडकीशी उभा होता. त्याने पाहिलं होतं.

“थोडं थोडं सोडता नाही येणार?” त्याने विचारलं.

“नाही. एक तर बंद, नाही तर चालू.”

“मग?”

कुंदाने बटणावर बोट ठेवलं. लाल दिव्याचा उजेड तिच्या नखातून दिसत होता. होडीतल्या माणसाचं काय होईल, हा विचार आला. तिने बटण दाबलं. दिवा विझला.

ओली चादर दोरीवर टाकताना होतो तेवढाच आवाज आला. दोघांनी खिडकीतून पाहिलं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं होतं, सपाट, शांत, जणू सकाळपासून हळूहळू चढत तिथं आलेलं. होडी पाण्याच्या पातळीवर होती आणि तिच्यातला माणूस वल्हं मारत होता. बाबांची टोपली बांधापासून दूर, खाडीत तरंगत चालली होती. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, दोन्ही हात जोडून.

त्या रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, “तुका कसा कळला गो?” कुंदाने त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर बांधावर चढताना ते चपला खाली काढून ठेवू लागले.

दुसऱ्याच दिवशी कुंदाने प्रोग्रॅममध्ये बदल केला. ‘किनारा’ एवढ्या एका फाइलीपुरता नियम उलटा. मुलुंडची प्रत खरी, अंधेरीने तिच्याकडून घ्यायची. त्यानंतर बेरीज कधी चुकली नाही. दळवीसाहेबांनी मालकांसमोर तिचं कौतुक केलं, आणि तिने मुलुंडलाच बसायची परवानगी मागितली तेव्हा ती लगेच मिळाली. ऑफिस घराजवळ आलं, त्यांना तेवढंच कारण दिसलं.

ते दिवस फार चांगले गेले. सकाळी आल्यावर ती आधी खिडकीत उभी राहायची, मग पडद्यापुढे बसायची आणि समोर सरकत जाणारे आकडे वाचायची, आणि दोन्हीकडे तेच पाहून तिचं मन भरून यायचं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. कळलं पाहिजे असंही आता वाटत नव्हतं. आपल्याला कुणीतरी एका मोठ्या घराच्या उंबरठ्याशी बसू दिलं आहे, आत बोलावलेलं नाही, आणि बसायला मिळालं हेच पुष्कळ आहे, असं तिला वाटायचं. नंदकुमार याबद्दल कधी बोलत नसे. पण टेलिफोनच्या खात्याचा माणूस आला की तो डिस्कच्या कपाटापुढे जाऊन उभा राहायचा.

मधल्या काळात नंदकुमारने जागा घेतली होती. गोदामाच्या मागे, मिठागरांच्या रस्त्याला, त्या वर्षी खोल्यांची एक नवी ओळ उठली होती. पत्र्याची छपरं, विटांच्या भिंती, पुढे पाण्याची पिंपं. त्यात त्याची खोली होती, आणि तिथं त्याची बायको मालन आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. दुपारी तो जेवायला घरीच जायचा. जाताना म्हणायचा, “कुंदा, चल ना, मालन विचारत होती,” आणि कुंदा म्हणायची, “उद्या.”

फेब्रुवारीतल्या त्या दुपारीही तो असाच गेला. कुंदाने डबा उघडला. पडद्यावर एकेक फाइल जुळत होती, डोंगर, रस्ते, किनारा, आणि ती भाकरी मोडत सवयीने पाहत होती. मग एक ओळ जुळली नाही.

‘वस्ती’. मुलुंडच्या प्रतीत बिंदू वाढले होते.

कुंदाने ती ओळ पुन्हा वाचली. कोणी टेबलावर वाकून ते बिंदू घातले नव्हते. सर्व्हे सव्वा वर्षापूर्वीचा होता, आणि तेव्हा गोदामाच्या मागे मोकळी जमीन होती. नियम तोच होता जो तिने पहिल्या दिवशी लिहिला होता. जुळलं नाही तर अंधेरीची फाइल खरी. पडद्यावर पुढची ओळ उमटली, ‘पाठवत आहे’, आणि मॉडेमचा हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला.

डबा खाली पडला. ती टेबलाला वळसा घालून भिंतीकडे झेपावली आणि तिने टेलिफोनची वायर हिसडून काढली. दिवा विझला.

प्रोग्रॅम मुलुंडच्या फाइलीवर अंधेरीची चढवत जायचा तो एकेक ओळ करून, वरून खाली. किती ओळी गेल्या होत्या ते पडद्यावर दिसत नव्हतं. बेरीज मागितली असती तर कळलं असतं. तिने मागितली नाही. ती खुर्चीवर बसली. खिडकी तिच्या पाठीशी होती, आणि खिडकीच्या खालीच ती खोल्यांची ओळ. या वेळेला तिथून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, पिंपावर तांब्या आपटायचा, कुणाचं तरी पोर रडायचं. आत्ता काही ऐकू येत नव्हतं. मघाशी, डबा उघडताना तरी येत होतं का, हे ती आठवायचा प्रयत्न करत होती.

टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला. अंधेरीचा असणार, लाइन का तुटली ते विचारायला. तो वाजून वाजून थांबला. कुंदाने मान वळवली नाही. वायर दोन्ही हातांनी मांडीवर धरून, नंदकुमारच्या चपला जिन्यावर वाजतायत का ते ऐकत, ती बसून राहिली.